पुरलेल्याचा पुरावा

अमिनियासी आयुष्यभर बोलत आला, पण स्वतःच्या वतीने फार थोडं बोलला. फिजीच्या मोठ्या बेटावर, नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या नावुनिकाउ गावात त्याचं घराणं मातानिवानुआंचं. गावचा प्रमुख, म्हणजे रातू, मोठ्या प्रसंगी स्वतः तोंड उघडत नाही. तो नुसता बसतो. त्याच्या वतीने बोलतो तो मातानिवानुआ. पाहुणा आला, लग्न ठरलं, कुणी गेलं, दोन गावांत बिनसलं, की अमिनियासी कमरेचा सुलू सारखा करून चटईवर मांडी घालायचा आणि दोनदा घसा खाकरायचा. त्या खाकरण्याची नक्कल गावातल्या शेंबड्या पोरांनाही येत होती.

हे शिक्षण त्याला वडिलांकडून मिळालं. तो पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला घरामागच्या नीरफणसाखाली बसवलं. समोर एक रिकामी चटई टाकली.

“माफी माग,” ते म्हणाले.

“कशाची?”

“हां. हा प्रश्न बरोबर आहे. ज्याची माफी मागायची त्याचं नाव आधी घ्यायचं. नाव घेतलं नाही ती चूक पुरली जात नाही.”

चूक पुरण्याच्या या विधीलाच त्यांच्याकडे बुलुबुलु म्हणतात. ज्यांचं चुकलं त्यांनी देवमाशाचा दात, तांबुआ, दोन्ही हातांत धरून दुखावलेल्यांसमोर बसायचं, चूक कबूल करायची, आणि त्यांनी तो दात हातात घेतला की प्रकरण संपलं. त्यानंतर त्या गोष्टीचा उल्लेख करणाऱ्यालाच गाव नावं ठेवतं.

वडिलांनी दुसरी गोष्ट शिकवली ती जास्त कामाची होती. चूक असेल त्याहून मोठी करून सांगायची. “तू म्हणायचं, आम्ही तुमचं घर जाळलं. मग समोरचा म्हणतो, छे, नुसता धूर झाला. त्याला लहान करायला जागा ठेव. तू स्वतःच लहान करून सांगितलीस तर त्याला मोठीच करावी लागेल.”

अमिनियासीने हे बावन्न वर्षं पाळलं. त्याचा नावलौकिक झाला तो एका पळवून आणलेल्या मुलीच्या प्रकरणात. त्याचा तावाले पेनियासी तरुणपणी पलीकडच्या गावातली मुलगी घेऊन पळाला. तावाले म्हणजे मामे-आतेभाऊ. या नात्यात एकमेकांची यथेच्छ टर उडवायला मुभा असते, नव्हे, ते कर्तव्यच. मुलीचे सहा मामा कोयते घेऊन बसले होते. अमिनियासीने तांबुआ पुढे धरला आणि म्हणाला, “आम्ही तुमचा सूर्य चोरला. तुमच्या गावात आता कोंबडे आरवत नाहीत ते आमच्यामुळे. आम्ही तुमचं लेकरू चावून खाल्लं आणि हाडं नदीत टाकली.” सगळ्यात थोरला मामा तोंड फिरवून बसला होता. तो म्हणाला, “हाडं कसली, चांगली धडधाकट आहे ती. स्वयंपाक येत नाही तिला, तुमचंच नशीब.” त्यावर सगळे हसले. पेनियासीची बायको पुढे चाळीस वर्षं नवऱ्याला हेच सुनवायची, की माझी हाडं नदीत आहेत, भात तू शिजव.

*

सरकार निवडून आलेलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. नावुनिकाउने दोन्ही वेळा त्यालाच मत दिलं होतं आणि का देऊ नये? पूर्वी बाळंतीण तराफ्यावर घालून खाली न्यावी लागे; आता डांबरी रस्ता गावाच्या चर्चपर्यंत आला होता. त्याच्या उद्घाटनाला स्वागताचं भाषण अमिनियासीनेच केलं होतं. बंदुका कुठेही दिसत नव्हत्या. दिसत होते ते अर्ज. तीनपेक्षा जास्त कुटुंबांनी सार्वजनिक विषयावर बोलायला एकत्र बसायचं तर पोलीस ठाण्यातून परवानगीचा कागद आणायचा. अर्ज कधी फेटाळला जात नसे. बैठकीची तारीख उलटून गेली की मंजूर होऊन येई. चर्चच्या गायनवृंदानेही सरावाला परवानगी काढायची का, यावर दोन रविवार वाद झाला, आणि शेवटी भीती नको म्हणून त्यांनी ती काढली.

“परवा माझ्या घरी सगळे जेवायला होते,” पेनियासी म्हणाला. “मी बायकोला म्हटलं, अळूच्या भाजीबद्दल कुणी बोलायचं नाही. सार्वजनिक विषय आहे.”

“कागद आणायला काय झिजतं का?” अमिनियासी म्हणाला.

“तुझं काय जातं रे? तू तर दुसऱ्याच्या तोंडाने जेवतोस.”

मग नदीचा विषय निघाला. एका कंपनीला नदीच्या पात्रातली खडी काढायची होती. त्यासाठी जमिनीच्या मालक कुटुंबांतल्या सज्ञान माणसांची संमती लागते. संमतीची यादी कंपनीने सादर केली होती, सरकारने स्वीकारली होती, आणि गावाला हे रेडिओवरच्या बातमीतून कळलं.

अमिनियासीची मुलगी आकानिसी गावच्या शाळेत शिक्षिका होती. एकतीस वर्षांची, लग्न न केलेली, बापासारखीच थोडी नाकात बोलणारी. तिने तालुक्याच्या कचेरीत जाऊन ती यादी मागितली. नियमाने ती कुणालाही बघायला मिळायला हवी होती. तिथल्या कारकुनाला नियम माहीत होता आणि भीती अजून माहीत नव्हती, त्याने दिली. आकानिसीने तिथेच उभ्या उभ्या ती उतरवून घेतली.

घरी आल्यावर तिने बापासमोर वही धरली.

“ता, ही सही बघा.”

“चष्मा नाही.”

“मग मी वाचते. तुमच्या बायकोने होकार दिलाय. मार्च महिन्यात.”

तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. यादीत अशी नऊ नावं निघाली. आकानिसीने ती एका कागदावर नीट लिहिली, समोर प्रत्येकाची मृत्यूची तारीख घातली, आणि चर्चच्या दाराशी जिथे प्रार्थनांच्या वेळा लावतात तिथे कागद लावला. खाली एक वाक्य होतं: या नऊ जणांनी आपली नदी द्यायला संमती दिली आहे, कुणाला भेटले तर निरोप सांगा की आम्हाला विचारायचं राहून गेलं.

लोक हसले. कुणीतरी फोनने फोटो काढला. फोटो खाली शहरापर्यंत गेला. चौथ्या दिवशी पोलिसांची गाडी त्याच डांबरी रस्त्याने चर्चपर्यंत आली.

आरोप होता लोकांत सरकारविरुद्ध असंतोष पसरवल्याचा. दोन दिवस ठेवून तिला जामिनावर सोडलं. शाळेतून निलंबित केलं. दर सोमवारी ठाण्यावर हजेरी लावायची. खटल्याची तारीख तीनदा पुढे गेली. दरम्यान गावच्या दवाखान्यातली नर्स ‘तात्पुरती’ दुसरीकडे नेली. शाळेच्या होडीचं इंजिन दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही. कुणीही कुठे लिहिलं नाही की हे आकानिसीमुळे. लिहायची गरज नव्हती. पाण्यावर भेटलेल्या बायका तिला आधी ‘मास्तरीणबाई’ म्हणायच्या, आता नुसतं ‘आलीस का’ म्हणू लागल्या.

*

मैकेली आला तेव्हा रीतसर आला. तो सरकारचा प्रांतातला संपर्क अधिकारी. नदीच्या खालच्या अंगाच्या गावातला, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट आणि सुलू घातलेला. गावाबाहेर गाडी थांबवून, टोपी काढून, चालत आत आला. ज्याचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांची जुडी रातूपुढे ठेवली. मुळं कुटून काथवटीत पाणी घालून कालवली गेली, करवंटी फिरली, मैकेलीने बरोबर जागी हात पोकळ करून टाळ्या वाजवल्या. रातू इसिरेली सुखावले.

“मोमो,” मैकेली अमिनियासीकडे वळून म्हणाला. मोमो म्हणजे मामा. कुणाही आदराच्या वडीलधाऱ्याला म्हणतात. “मला ही फाईल बंद करायची आहे. कुणालाच खटला नको आहे. वरचे लोक दुखावले आहेत, एवढंच. ते कागदावरून नाही हो, हसण्यावरून.”

“हसू तर आलं होतं लोकांना,” अमिनियासी म्हणाला.

“आलं असेल. पण आता काय करायचं ते तुम्हाला मी सांगावं का? तुम्ही सांगायचं मला. आपल्याकडे रीत आहे ना?”

रातूंनी मान हलवली. रातूंनी मान हलवली म्हणजे ठरलं.

आकानिसी ऐकेना. घरी लिंबाच्या पानांचा चहा उकळत होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

“मी चूक केलेली नाही. तुम्ही कशाची माफी मागणार?”

“चूक कुणाची हे बुलुबुलुत ठरत नाही, पोरी. तिथे ती पुरायची असते.”

“खोट्या सह्या त्यांनी केल्या. मग पुरायला त्यांनी यावं ना आपल्याकडे.”

“सरकार कधी येतं का?”

“मग ते दुखावतं कसं? यायला पाय नाहीत आणि दुखायला मन आहे?”

अमिनियासीला हसू आलं, पण त्याने दाबलं. “हे बघ, तू काही बोलायचं नाहीस. तू फक्त माझ्या मागे बसायचं, मान खाली घालून. बोलणार मी. तुझ्या तोंडातून एक शब्द जाणार नाही. मग तू काय कबूल केलंस?”

“आणि नाही आले तर?”

“तर पुरताच येत नाही. ज्याच्याकडून झालं तोच हजर नसला तर समोरचे दात कशाला घेतील? तू बसलीस की खटला मिटतो. तू शाळेत जातेस. नर्स परत येते.”

“असं मैकेली म्हणाला?”

“तो म्हणाला, फाईल बंद करायची आहे.”

“म्हणजे नाही म्हणाला.”

तिने चहा खाली उतरवला. तिच्या वकील, मिसेस गौंडर, शहरात होत्या. त्यांना फोन करते म्हणाली. त्या दिवशी डोंगरामागे फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बसते मी. तुमच्यासाठी. मला पटलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.”

*

त्या सकाळी गावच्या सभागृहात केवड्याच्या पानांच्या नव्या चटया घातल्या होत्या. रातूंच्या घरातला जुना तांबुआ काढला होता, धुराने तांबूस झालेला, विणलेल्या दोरीचा. असा दात गावात एकच उरला होता. मैकेलीबरोबर एक तरुणी आली होती. तिच्या हातात कॅमेरा होता.

“ही फक्त नोंदीसाठी,” मैकेली म्हणाला. “वरच्या लोकांना दाखवायला. ते स्वतः येऊ शकत नाहीत ना.”

अमिनियासीला त्यात वावगं वाटलं नाही. दुखावलेला माणूस हजर नसेल तर त्याला सगळं पोचायला हवंच. उलट त्याने मनात ठरवलं की आज काही गाळायचं नाही.

तो दोनदा खाकरला. तांबुआ दोन्ही हातांनी उचलला. मागे तीन हातांवर आकानिसी मान खाली घालून बसली होती.

तो तेवीस मिनिटं बोलला. असं भाषण त्याने त्याआधी केलं नव्हतं, हे नंतर गावात सगळे म्हणाले. “आज आम्ही मातीखालून बोलतो आहोत,” त्याने सुरुवात केली. “तुम्ही आम्हाला रस्ता दिला, आम्ही त्या रस्त्यात खड्डा खणून तुमचं पाऊल मोडलं. तुम्ही दिवा दिला, आम्ही त्यावर थुंकलो. तुमच्या घराच्या शाकारणीत आम्ही जळतं कोलीत खोचलं. आणि ज्या हाताने ते खोचलं तो हात आज मी तुमच्यापासून लपवत नाही. माझ्या मागे बसली आहे ती आकानिसी, माझं रक्त. तिने आग लावली. आग लागावी म्हणूनच लावली. गावाने तिचा हात धरला नाही. आम्ही बाजूला उभं राहून हसलो, आणि आमच्या हसण्याने आगीला वारा लागला.”

सभागृहात काही बायका डोळे पुसत होत्या. पेनियासीसुद्धा गप्प होता. अमिनियासी थांबला आणि वाट बघू लागला. आता समोरच्याने म्हणायचं होतं: छे, नुसता धूर झाला.

मैकेलीने तांबुआ दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, “घेतला. ऐकलं. तुमचे शब्द जसेच्या तसे पोचवतो.”

त्याने धुराबद्दल काही म्हटलं नाही. अमिनियासीला ते जाणवलं, जिन्याची एक पायरी कमी असल्यावर पायाला जाणवतं तसं. पण दात घेतला गेला होता. दात घेतल्यावर पुढचे शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतं. सगळ्यांनी डुकराचं मटण आणि अळूचे कंद खाल्ले. मैकेलीने दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळच्या बातम्यांत गाव दिसलं. अमिनियासीचा आवाज दहा सेकंद आला, मग निवेदिका बोलू लागली: दिशाभूल झालेल्या गावाने सरकारची क्षमा मागितली, आंदोलनामागची व्यक्ती पुढे आली.

“आंदोलन कधी झालं आपल्याकडे?” पेनियासीने विचारलं. “मला बोलावलं नाही कुणी.”

कुणी हसलं नाही.

*

खटला मिटला नाही. उलट या वेळी तारीख पुढे गेली नाही.

मिसेस गौंडर आदल्या दिवशी गावात आल्या. आठशे पानांच्या फाईली गाडीत टाकून, स्वतः उन्हाने लाल होऊन. त्यांनी सरकारने पुरावा म्हणून दिलेल्या चित्रफितीचं इंग्रजी भाषांतर अमिनियासीला परत त्याच्या भाषेत सांगितलं. ते ऐकताना तो मध्येच म्हणाला, “हे मी बोललो नाही.”

“शब्द हेच आहेत ना, काका? रस्त्यात खड्डा खणला, पाऊल मोडलं. ते म्हणतात सरकारी मालमत्तेचं नुकसान. आग लागावी म्हणूनच लावली. ते म्हणतात हेतू सिद्ध होतो.”

“अहो पण ते असं बोलायचं असतं! आम्ही लेकरू खाल्लं असंही म्हणतो.”

“मी सांगेन न्यायालयाला. तुम्ही मला आधी का नाही विचारलंत?”

“फोन लागला नाही.”

मिसेस गौंडर यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, “त्या तीन दिवसांत माझाही लागत नव्हता.”

न्यायालय टुमदार होतं, भिंतींना नुकताच रंग दिलेला, न्यायाधीश सौम्य. कुणी कुणावर ओरडलं नाही. टेबलावर पुराव्याच्या वस्तू ओळीने मांडल्या होत्या: चर्चच्या दारावरचा कागद, आकानिसीची वही, तिचा फोन, आणि चौथी वस्तू मैकेलीने नेलेला तांबुआ. त्याच्या विणलेल्या दोरीला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. अमिनियासी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत तिच्याकडेच बघत होता.

सरकारी वकील तरुण होता. “हा आवाज तुमचा आहे?”

“आवाज माझा. बोलणं गावाचं.”

“न्यायालयासमोर गाव आरोपी नाही. आवाज तुमचा आहे, होय की नाही?”

“होय.”

“तुम्ही आरोपीचे वडील. तुम्ही तिच्याबद्दल खोटं बोलाल का?”

मिसेस गौंडर उठल्या, काही म्हणाल्या, बसल्या.

“नाही,” अमिनियासी म्हणाला.

“तुम्ही हे बोलत असताना आरोपी कुठे होती?”

“माझ्या मागे.”

“तिने कधी मध्ये अडवून म्हटलं का, की हे खरं नाही?”

“मातानिवानुआ बोलताना मध्ये कुणी बोलत नाही.”

“म्हणजे नाही म्हटलं.”

“नाही म्हटलं.”

रातू इसिरेलींचं निवेदन लेखी आलं होतं. एका परिच्छेदाचं. त्यात लिहिलं होतं की त्या दिवशी मी हजर होतो परंतु मी एकही शब्द बोललो नाही, जे काही बोलले ते अमिनियासी बोलले. ते अक्षरशः खरं होतं. रातू कधीच बोलत नसत.

मिसेस गौंडर यांनी विधी समजावून सांगितला. त्यांनी चांगलं सांगितलं. परक्या समाजाची बाई असून इतकं नीट सांगितलं की अमिनियासीला आश्चर्य वाटलं. न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं आणि निकालात म्हटलं की प्रथेचा न्यायालय आदर करतं, परंतु प्रथेने दिलेली क्षमा ही दोन पक्षांतली बाब आहे, आणि कबुली मात्र कबुलीच राहते. अठरा महिने. शिक्षिकेचा परवाना रद्द. सह्यांचा प्रश्न या खटल्यात न्यायालयापुढे नव्हता.

बाहेरच्या व्हरांड्यात मैकेली उभा होता. अमिनियासी त्याच्यासमोर जाऊन थांबला.

“तू दात घेतलास.”

“घेतला, मोमो. माझ्या बाजूने मी माफ केलं, तेव्हाच.” तो खरोखर अवघडलेला दिसत होता. “सरकारने घेतला नाही. सरकारला हात कुठे असतात घ्यायला?”

मैकेलीने फसवलं की मैकेलीलाही कुणी फसवलं होतं, हे अमिनियासीला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने एकच केलं. क्षमा झाली नसेल तर दात परत मिळायला हवा; ती रीत आहे. तो लेखनिकाच्या खिडकीपाशी गेला. लेखनिकाने वही बघितली. अपिलाची मुदत संपेपर्यंत पुरावा न्यायालयाच्या ताब्यात राहतो, त्यानंतर मालकाने अर्ज करायचा, तो म्हणाला. मालक कोण?

“गाव,” अमिनियासी म्हणाला.

“व्यक्तीचं नाव लागेल,” लेखनिक म्हणाला.

*

तुरुंगात महिन्यातून एकदा भेट असते. काचेला बारीक भोकं आहेत आणि त्यातून बोलायचं. पहिल्या भेटीत अमिनियासीने घसा खाकरला आणि त्याला पुढचं काही सुचलं नाही. स्वतःच्या वतीने माफी कशी मागतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आकानिसीच म्हणाली, “ता, बारीक झालात.”

“तू पण.”

“इथे कसावाचे कंद कच्चेच देतात.” मग ती म्हणाली, “त्या दिवशी न्यायालयात तुमचं सगळं भाषण लावलं होतं ना. सभागृहात मी मान खाली घालून नीट ऐकलंच नव्हतं. किती छान बोलता हो तुम्ही. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं, मी आग लावली.”

“मला वाटलं, तो म्हणेल धूर झाला.”

“माहीत आहे मला.”

“आई असती तर—”

“आईने सही केली आहे ना,” आकानिसी म्हणाली, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना दोघेही थोडं हसले. मग पहारेकऱ्याने घड्याळाकडे बोट दाखवलं.

खडीचे ट्रक आले. नदीचं पाणी दुपारपर्यंत दुधाळ राहू लागलं. नर्स परत आली, ती दुसरीच होती. यंत्रांच्या उद्घाटनाला रातूंनी अमिनियासीला निरोप पाठवला, तेव्हा तो कपडे करून गेला, बसला, आणि म्हणाला, “तुम्ही आलात. ही यांगोना आहे.” एवढंच. पाहुणे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. रातूंनी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याची नजर पाहुण्यांबरोबर आलेल्या कॅमेऱ्याच्या काळ्या भिंगावर होती.

पावसाळ्याच्या शेवटी पलीकडच्या गावाहून माफी आली. त्यांचा बैल सुटून नावुनिकाउच्या अळूच्या वाफ्यात शिरला होता. लहान प्रकरण, तांबुआचीही गरज नसलेलं, यांगोनाच्या जुडीवर मिटण्यासारखं. त्यांच्या मातानिवानुआला, सेमेसाला, अमिनियासी तीस वर्षं ओळखत होता. राशीच्या राशी शब्द असलेला माणूस. एकदा एका फुटलेल्या घागरीची माफी मागताना त्याने भाषणात समुद्र आटवला होता. अमिनियासी त्याच्या समोर बसला आणि बऱ्याच महिन्यांनी त्याला थोडं बरं वाटलं. सेमेसा म्हणेल, आमच्या राक्षसाने तुमची जमीन उजाड केली, तुमची लेकरं आता माती खातील. मग आपण म्हणायचं, छे हो, दोन पानं तुडवली, भाजी चिरायचे श्रम वाचले.

सेमेसाने जुडी पुढे धरली. खोलीत बसलेल्यांवर, त्यांच्या मांड्यांवरच्या फोनांवर त्याची नजर एकदा फिरली.

“आमचा बैल मंगळवारी दुपारी तुमच्या वाफ्यात शिरला,” तो म्हणाला. “त्याने सतरा रोपं तुडवली. आम्ही मोजली.”

मग तो गप्प बसला.

अमिनियासीने घसा खाकरला. लहान करायला काहीच ठेवलेलं नव्हतं. त्याने टाळ्या वाजवल्या, जुडी घेतली.

“सतरा,” तो म्हणाला. “आम्हीही मोजली.”